सेट म्हणल्यावर

"घाई घरी ठेवून आलात का रे?"

शंभर मीटरच्या रेषेवर पोरं वाकायच्या आधी मास्तर हे विचारायचे. पोरं वरडायची, "व्हय सर!" मास्तर मान हलवायचे, म्हंजी सगळे खोटं बोलताय. मग खिशातनं रुमाल काढून आधी उजवा कान पुसायचे, मग डावा. बंदूक मातर कधी पुसायचे नाय. मी एकदा म्हणलं, "मास्तर, पळायचं पोरांनी, कान तुमी कामून पुसता?"

"बाई, पोरं कानानं पळतात," मास्तर म्हणले. "पाय तर सगळ्यांनाच दिलेत."

तुमी शर्यत बघितली असंल तर दोरीपाशी उभं राहून बघितली असंल. सगळी लोकं तिकडंच बघतात. कोण पयला आला, कोण पडला. मी सारी उमर दुसऱ्या टोकाला काढली, जिथनं पोरं सुटतात. महं कामच ते. मैदानावर पाणी मारायचं, माती दाबायचा रूळ फिरवायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या. पोरं एकदा पळाली की बुटाच्या खिळ्यांनी रेघ उकरून जायची, ती मी परत मारायची. नवरा विहिरीच्या कामावर दरड अंगावर येऊन गेला. लेकरू कडेवर व्हतं. गावात राहून खायचं काय, म्हणून मुकुंदवाडीला भावाच्या वळखीनं आले आन् मैदानावर रोजानं लागले. तव्हा रडायला वेळ भेटला नाय. पुढं वेळ भेटला तर रडू आलं नाय. असू द्या. गोष्ट मही नाय, मास्तरांची हाय.

मास्तर म्हंजी शाळेतले कवायतीचे मास्तर. मुसलमान. थोरल्या भावाचं गुलमंडीत कापडाचं दुकान, त्याच्याच मागं दोन खोल्यांत ऱ्हायचे. शाळा उर्दूत शिकलेले, पण मराठी मह्यापेक्षा साफ. उंच, हाडकुळे, पांढरी पँट, बाह्या कोपरापस्तोर दुमडलेल्या. शहरात कुठंबी शर्यती असल्या की बंदूक मास्तरांच्याच हातात. बोलणं मातर लई कमी. शाळेत पोरांवर वरडून झालं की दिवसाचे शब्द सपायचे बहुतेक. मला म्हणायचे, "तुम्ही बोला बाई, मी ऐकतो." आन् खरंच ऐकायचे. गड्यामाणसांत असं ऐकणारं मी दुसरं बघितलं नाय.

आता सुटतात कसं, ते सांगते, म्हंजी पुढचं कळंल. मास्तर पयले म्हणायचे 'ऑन युअर मार्क'. पोरं लोखंडी ठोकळ्यात पाय रोवून, हात रेषेमागं टेकून बसायची. मग 'सेट'. पोरं ढुंगण वर करून गप्प. मग बंदूक. आत गोळी नाय, नुसता बार. तर हे सेट आन् बंदूक, ह्याच्या मधी जे थोडंसं असतंय ना, पापणी लवंल एवढं, सगळा खेळ त्याच्यात. बार व्हायच्या आधी कुणी हललं तर मास्तर लगेच दुसरा बार काढून सगळ्यांना माघारी बोलवायचे. एकदा हललं तर इशारा. दुसऱ्यांदा हललं तर चपला घालून घरी. आन् इमानदारीनं आवाज ऐकून निघालं तर शेजारचा तवर पुढं गेलेला. म्हणून पोरं जुगार खेळायची. आवाजाची वाटच बघायची नाय. आता वाजंल, आता वाजंल, असं म्हणत अंदाजानं सुटायची. लागला तर लागला.

एक वसतिगृहाचा पोरगा व्हता, अंगानं रेड्यावाणी. तो पयल्या डावाला मुद्दाम हलायचा. त्याच्यानं शेजारची पोरं बिचकायची, दुसऱ्या डावाला धसका घेऊन बसून ऱ्हायची, आन् हा सुटायचा. मास्तरांनी एकदोन शर्यती बघून घेतलं. मग एक दिवस हा हलला, माघारी बोलावलं, तसे मास्तर त्याच्याजवळ गेले. खांद्यावर हात ठेवला.

"बेटा, भीती वाटती का?"

"नाय सर."

"वाटती. जो आधी निघतो ना, त्याला मागं राहायची भीती असती. घाबरू नको. मी इथंच हाय."

एवढंच. बाकीची पोरं फिदीफिदी हसाय लागली. रेडा कानापस्तोर लाल झाला. त्याच्यानंतर तो कधी हलला नाय. पण कधी पयलाबी आला नाय, बिचारा.

पोरं मास्तरांना ओळखायला बघायची. कुणी म्हणलं, बार काढायच्या आधी सरांच्या गळ्याचा मणी वर जातोय. मास्तरांनी ऐन मे महिन्यात गळ्याला मफलर गुंडाळला. कुणी म्हणलं, सरांची डावी टाच उचलती. मास्तर पोरांच्या मागं जाऊन उभं ऱ्हायला लागले. कसंबी करून त्यांना अंदाज लागू द्यायचा नाय. मी रूळावर बसून भाकर खात व्हते तव्हा विचारलं, "मास्तर, कव्हा वाजवायची हे तुमी तरी कसं ठरवता?"

"कुणाला सांगणार नाय?"

"मी कुणाला सांगू, मह्या बकरीला?"

मास्तर जवळ आले. "सेट म्हणलं की मी मनातल्या मनात रेल्वेत बसतो. मुकुंदवाडी, चिकलठाणा, करमाड, बदनापूर. कधी चिकलठाण्याला उतरतो, कधी करमाडला."

"आन् जालन्याला?"

"जालन्यापर्यंत पोरांच्या मांड्या थरथरायला लागतात बाई. तेवढं पाप कशाला."

मास्तरांना एकच पोरगी. शमीम. आई ती लहान असतानाच गेली. घरात दोघंच. मास्तर बोलायचे नाय, तर पोरगी तरी कुणाशी बोलणार? मी ईदला जायची त्यांच्याकडं. शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन बसले की मला तिथं एक गंमत दिसायची. मास्तर नुसते खुर्चीत बसलेले. तोंडातनं शब्द नाय. आन् शमीम आतनं पाण्याचा गिलास घेऊन यायची. मास्तर प्यायचे. मग थोड्या वेळानं ती उठून चष्मा आणून द्यायची, आन् मास्तरांचा हात त्याच वक्ताला चष्म्यासाठी पुढं आलेला.

मी म्हणलं, "ए पोरी, तुला जादू येती काय?"

ती हसली. "जादू कसली मावशी. अब्बांचा दम बदलतो. पाणी मागायच्या आधी नाकानं एक बारीक दम घेतात. उठायच्या आधी वेगळा. रागावायच्या आधी सोडतात."

"आन् तुला ते ऐकू येतंय?"

"दुसरं हाय काय घरात ऐकायला?"

ती हसूनच बोलली. मास्तर वाटीत बघत बसले व्हते.

तिला पळायला मास्तरांनी काय शिकवलं नाय. ती आपली पळायची. शाळेत पयली, मग शहरात पयली. दुकानातल्या उरलेल्या कापडाची लांब पँट शिवून घालायची. तिचा थोरला चाचा गादीवर बसून कुरकुर करायचा, "गिऱ्हाईक विचारतं, भतीजी कुठं हाय? मी काय सांगू, पळायला गेली? लोक भलताच अर्थ घेतात." स्वतःच बोलायचा आन् स्वतःच हसायचा. माणूस वाईट नव्हता. कापड त्यानंच दिलं व्हतं.

मैदानावर सरावाला मास्तर बंदूक नाय वापरायचे, दोन लाकडी फळ्या एकमेकींवर आपटायचे. सगळ्या पोरी वाकलेल्या, मास्तर मागं. आन् दर बारीला शमीम पयली सुटायची. थोडीथोडकी नाय, डोळ्याला दिसंल एवढी पुढं. पण हलली म्हणावं तर तसंबी नाय. फळी वाजायची आन् ती निघालेली असायची, दोन्ही एकदमच. बाकीच्या पोरी कंबरेवर हात ठेवून म्हणायच्या, "सर, हिला घरी सांगून आणता काय तुमी?"

मास्तरांनी फळ्या खाली ठेवल्या. त्या दिवशी पयल्यांदा मी त्यांचं तोंड उतरलेलं बघितलं.

मग त्यांनी लई उपाय केले. दम धरून फळी वाजवली. ती पुढंच. तोंडावर रुमाल दाबून वाजवली. पुढंच. चालत चालत वाजवली, लांब जाऊन वाजवली. एकदा मह्या हातात फळ्या दिल्या, "बाई, तुम्ही वाजवा." मी वाजवल्या. तव्हाबी शमीम पयली. पण मी काय, वाजवायच्या आधी दोन्ही हात एवढाले फाकवले, आंधळ्यालाबी कळलं असतं. पोरी हसून हसून खाली बसल्या. त्याच्यावरनं काय ठरलं नाय. पोरीचे कान तेज हायेत, का ती बापाचा दम ऐकून निघती, हे काय उमजंना.

त्या साली मोठी शर्यत मह्या मैदानावर व्हती. शंभर मीटरला जी पयली येईल तिलाच पुण्याला न्यायचं, तिथं शिकवणार, ऱ्हायला-खायला देणार, पुढं खेळावर नोकरी लागायची आशा. दुसरीला काय नाय. इकडं चाचानं शमीमसाठी चितेगावचं स्थळ बघितलेलं. मुलगा कारखान्यात कामाला, घर चांगलं. चाचा म्हणला, "पयली आली तर मी स्वतः पुण्याच्या गाडीत बसवून देतो. नाय आली तर निकाह. आता वय थांबत नाय." शमीमनं मान हलवली. मास्तरांनीबी हलवली. त्या घरात मोठी बोलणी अशीच व्हायची.

शर्यतीच्या आदल्या सकाळी मी रेघा मारत व्हते. मास्तर बाजूनं चालत व्हते.

मी म्हणलं, "मास्तर, उद्याच्याला बंदूक दुसऱ्या कुणाला द्या ना."

"मी शर्यतवाल्यांना सांगून बघितलं. ते म्हणले, सर, तुमच्यावाचून कुणावर भरोसा नाय."

"मंग आजारी पडा."

"पडलो असतो." थोडं चालले. "पण मग लोक म्हणतील, पोरगी जिंकावी म्हणून बाजूला झाला. आन् बंदूक मीच उडवली तर म्हणतील, पोरीला शर्यत दिली. बाई, मला लोकांचं काय नाय. तिनं जिंकावं, आन् आवाज ऐकून जिंकावं. एवढंच मागणं हाय."

मी म्हणलं, "आन् तुमाला तरी कसं कळणार, तिनं काय ऐकलं ते?"

चुना ओला व्हता, त्याच्यावर पाय पडू नये म्हणून मास्तर लांब टांग टाकून पलीकडं गेले.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं व्हतं, वारा नव्हता. पोरी रेषेवर आल्या. शमीम तीन नंबरच्या पट्टीत. मी चुन्याचा डबा घेऊन त्यांच्या मागं, मास्तरांच्या शेजारी. मास्तरांनी विचारलं, "घाई घरी ठेवून आलात का?" पोरी म्हणल्या, "व्हय सर."

ऑन युअर मार्क. सेट.

बार झाला. आन् लगोलग दुसरा बार. माघारी.

पोरी पळत गेलेल्या, थांबल्या, वळल्या. शमीम सगळ्यांच्या पुढं गेलेली, म्हणून सगळ्यांत मागनं आली. मास्तर चालत तिच्यापाशी गेले. "तीन नंबर. इशारा."

मधल्या पंचांतला एक धावत आला. "सर, स्टार्ट चांगला व्हता की. मी बघत व्हतो. कुणीच नाय हललं."

"तीन नंबर हलली."

"अहो सर, बार आन् ती एकदमच..."

"एकदम कोणी निघत नाय," मास्तर म्हणले. "कानात शिरून पायात उतरायला वेळ लागतो."

तो पंच खांदे उडवून गेला. बंदूकवाल्याचा शब्द शेवटचा. तव्हा मशिनी नव्हत्या, माणसाच्या डोळ्यानं काय ते ठरायचं. शमीमनं बापाकडं एकदा बघितलं. रागानं नाय. समोरच्या माणसाला काय म्हणायचं ते कळंना झालं की माणूस बघतं ना, तसं. एवढ्या वर्षांत तिला बापाचं कळंना झालं असं ते पयल्यांदाच असंल.

मी पुढं होऊन तिच्या हातापुढची रेघ परत मारली. तिच्या बोटांना चुना लागलेला. बोटं थरथरत नव्हती. मला वाटलं, पोरगी खंबीर हाय.

आता आणखी एकदा हलली की घरी. मास्तर मह्या शेजारी आले. त्यांच्या कपाळावरनं घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला व्हता, पुसला नाय.

ऑन युअर मार्क. सेट.

बार झाला. पोरी सुटल्या. आन् शमीम तिथंच.

ती वाकलेली, हात रेषेला टेकलेले, डोळे समोर. बाजूच्या पोरींचे पाय उडून गेले, माती तिच्या तोंडावर आली, तव्हा ती उठली. मंग ती जे पळाली, तसं मी कुणाला पळताना बघितलं नाय. एकेक पोरगी मागं टाकत गेली. बघणारे लोकं उभे राहिले. दोरीपाशी एकच पोरगी तिच्या पुढं राहिली, अर्धा हात असंल. जालन्याची व्हती ती पोरगी, पळून झाल्यावर रडत बसली. शमीम नाय रडली. घोटभर पाणी प्यायली आन् पँटीची माती झटकली.

संध्याकाळी बक्षिसं झाली. मोठ्या पाहुण्यानं भाषणात मास्तरांचं कौतुक केलं. पोटच्या पोरीला माघारी बोलावणारा माणूस, असा न्याय कुठं बघायला भेटायचा नाय, काय काय बोलला. मास्तरांना नारळ दिला, अंगावर शाल घातली. टाळ्या लई पडल्या. शमीमबी खाली बसून टाळ्या वाजवत व्हती. मास्तर मंडपाच्या मागं आले आन् ती शाल घडी मोडल्याबिगर मह्या हातात दिली. "घ्या बाई. थंडीत कामाला येईल." मी घेतली. मी काय म्हणणार? शाल गरम व्हती.

पुण्याला जालन्याची पोरगी गेली. चाचानं दिलेला शब्द पाळला आन् शमीमनंबी पाळला.

निकाहाच्या आधी ईदला मी गेले व्हते. मास्तर खुर्चीत बसलेले. मी बोलत व्हते, ते ऐकत व्हते. मंग म्हणले, "बेटा, पानी." आतनं शमीम म्हणली, "जी अब्बा." आन् पाणी आलं. जरा वेळानं म्हणले, "बेटा, चष्मा." "जी अब्बा." चष्मा आला. दिसायला काय वावगं नव्हतं, सगळ्याच घरात असंच मागून मिळतं. पण मी शीरखुर्म्याची वाटी खाली ठेवली. पोरीनं ऐकणंच सोडलं व्हतं. रुसून नाय. भिऊन. आधी उठायची भीती घेऊन बसली व्हती ती.

मास्तरांना ते कळलं का नाय? कळलंच असंल. शमीम चितेगावला गेल्यावर ते शर्यती नसल्या तरी मैदानावर यायचे. मह्याशी बोलायला लागले. तेबी भरभरून. दुकानात कोण आलं, भाजी कशी करपली, शेजारच्याची मांजर कुठं व्याली. ज्या माणसानं उभ्या जल्मात चार वाक्यं सरळ बोलली नव्हती, ते बडबडायला लागलं. मी एकदा म्हणलं, "मास्तर, आता तुमी बोला, मी ऐकते, असं झालं की हो." ते हसले. म्हणले, "हौ. आधीच सुरू करायला पायजे व्हतं. घरात आवाज असता तर पोरीला दम ऐकायची सवय कशाला लागली असती."

मंग एक दिवस रूळावर बसल्या बसल्या त्यांनी विचारलंच.

"बाई, तुम्ही मागंच उभ्या होत्या त्या दिवशी. पयल्या बाराला. ती आधी निघाली होती का?"

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. "म्हंजी? तुमीच तर माघारी बोलावलं."

"बोलावलं. बोट आपोआप दाबलं गेलं. मी डोळ्यानं नाय बघितलं बाई. मनानं बघितलं. मी म्हणलं, ही मला ऐकून निघणार. आन् ती निघाली, म्हणून मी दाबलं. पण खरंच तेज असंल तर? आवाजच ऐकला असंल तर? पोरं अंदाजावर सुटतात म्हणून मी त्यांना माघारी बोलवायचो. त्या दिवशी मीच अंदाजावर सुटलो का काय?"

मला लई वाटलं, काय तरी सांगावं. व्हय म्हणावं तर त्यांची सुटका व्हती. पण खरं ते खरं.

"मास्तर," मी म्हणलं, "मला दिसलं नाय. बार झाला की महे डोळे मिटतात. आजवर एकदाबी उघडे राहिले नाय."

"एवढी वर्षं माझ्या शेजारी उभ्या राहून?"

"मी लहान व्हते तव्हा आमच्या गावात रझाकारांच्या बंदुका वाजायच्या. आई मला पदराखाली घेऊन डोळ्यावर हात दाबायची. आई गेली, हात गेला, पण डोळे मिटायचे ते मिटतातच."

मास्तर म्हणले, "तुमच्याकडं आधी वाजल्या. आमच्याकडं पोलीस ॲक्शन झाल्यावर. आम्ही भावंडं ज्वारीच्या कणगीत बसलो होतो. मी कान दाबून धरले होते." मंग जरा हसले. "तुमचे डोळे, माझे कान. चांगली माणसं उभी केली त्यांनी रेषेवर."

त्याच्यानंतर त्यांनी परत कधी विचारलं नाय. बंदूकबी हळूहळू दुसऱ्यांच्या हातात गेली. मैदान बदललं, लाल रबराचं झालं, चुन्याची रेघ गेली, महं काम गेलं. मास्तर शेवटचे भेटले ते गुलमंडीत, भावाच्या दुकानाच्या पायरीवर. रस्त्यानं गाड्यांचा कालवा, आन् हे आपले एकटेच बोलत बसलेले. मी समोर जाऊन उभी राहिले तरी थांबले नाय, फक्त सरकून मला जागा करून दिली. त्या पावसाळ्यात गेले. मला कळलं तव्हा माती होऊन गेलती.

मास्तरांचा चाळीसावा दिवस झाल्यावर शमीम मह्या खोलीवर आली, मुकुंदवाडीला. केस पांढरे व्हायला लागलेले, अंगानं भरलेली. बरोबर जेवणाचा डबा आणलेला. पोरं मोठी झाली, नवरा चांगला हाय, सासूचं करते, सगळं सांगितलं. मी चहा टाकला. मंग ती भिंतीला टेकून बसली आन् कपाकडं बघत म्हणली,

"मावशी, एक विचारू? तुमी मागंच व्हतात. त्या दिवशी मी आधी निघाले व्हते का?"

मह्या हातातला चिमटा तसाच राहिला. "तुला म्हाईत नाय?"

"नाय. अब्बांचा दम आन् बंदूक, दोन्ही एकदमच कानात आले. पाय कशावर उठले ते मलाच कळलं नाय. पण अब्बांनी माघारी बोलावलं, तर मी म्हणलं, त्यांना पक्कं म्हाईत असंल. ते चुकत नसत्यात. मंग दुसऱ्या बारीला मला कशावरच भरोसा राहिला नाय. बंदूक वाजली ते कळलं, पण वाटलं, ही खरी वाजली का मला वाजल्यासारखी वाटली? म्हणून दुसऱ्या पोरी निघंस्तोवर बसून राहिले."

मी तिला सांगितलं, पोरी, मला दिसलं नाय. महे डोळे मिटतात. आन् मंग हेबी सांगितलं, की तुझ्या बापानंबी मला हेच विचारलं व्हतं. त्यालाबी पक्कं म्हाईत नव्हतं.

शमीमनं कप खाली ठेवला. "अब्बांनी तुमाला विचारलं?"

"व्हय."

"कव्हा?"

"तू चितेगावला गेल्यावर."

चहावर साय धरली. मंग एकदम लहान पोरीच्या आवाजात म्हणली, "मंग मला कामून नाय विचारलं?"

मी म्हणलं, चहा दुसरा करते. ती म्हणली, नको मावशी, बस जाईल.

मी दारात उभी राहून बघत व्हते. समोरचं रेल्वेचं फाटक पडलेलं. गाडी यायला वेळ व्हता, तर लोकं दांड्याखालनं वाकून वाकून पलीकडं जात व्हते, सायकलीवाले सायकल आडवी करून. शमीम दांड्यापाशी थांबली. गाडी आली, गेली. फाटक वर गेलं. लोकं निघाले, रिक्षा निघाल्या, मागचे भोंगे वाजवाय लागले. ती तिथंच उभी व्हती.